गंगेला पाणी आलं की छातीत धडधडतं

प्रश्न: ताई, मी पंचवटीत राहते, जुना वाडा आहे, गंगेपासून (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) दोन गल्ल्या सोडून. सातवा महिना चालूये, पहिलंच आहे. जुलैच्या शेवटी रात्री गल्लीत पाणी आलं, मिस्टर अंबडला नाइट शिफ्टला, घरात मी आणि सासूबाई. पीठ, कपडे, गॅसची टाकी जमेल तेवढं वर चढवलं आणि पहाटेपर्यंत जिन्यात बसून राहिलो. पाणी उंबऱ्याच्या आत आलं आणि ओसरलं, मग दोन दिवस चिखल काढला. तेव्हापासून ग्रुपवर 'गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला' दिसलं की छातीत धडधडतं, हात गार पडतात, रात्री झोप नाही. सासूबाई म्हणतात २००८ ला आणि २०१९ ला याहून जास्त पाणी होतं, आम्ही नाही घाबरलो, आणि सीतामाईने तर वनात दोन लेकरं जन्माला घातली. मिस्टरांनी केरळच्या पुरातल्या गरोदर बाईचा हेलिकॉप्टरचा व्हिडिओ दाखवला, म्हणे बघ ती कशी लटकत गेली. वर सगळे सांगतात टेन्शन घेऊ नको, बाळावर परिणाम होतो. आता मला पुरापेक्षा माझ्या घाबरण्याचीच भीती वाटते. बाळाचं काही बिघडलं असेल का? मी इतकी कच्ची कशी? माहेर चांदवडकडे आहे, आई बोलावतेय, मिस्टर म्हणतात गणपती झाले की जा.

उत्तर: अगं, आधी बाळाचं बोलू, कारण बाकी सगळं वाचताना तुझं अर्धं लक्ष तिथेच असणार.

एका रात्रीच्या भीतीने बाळ बिघडत नाही. आपण घाबरलो की अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं हे खरंय, पण वारेमध्ये (प्लासेंटामध्ये) एक एन्झाइम असतं जे त्यातलं बरंचसं बाळापर्यंत पोचायच्या आधीच निकामी करतं. सगळं नाही, बरंचसं. म्हणजे निसर्गाने गृहीतच धरलंय की नऊ महिन्यांत आई कधीतरी घाबरणार, रडणार, भांडणार.

आता 'परिणाम होतो' हे लोक कुठून आणतात तेही सांगते, नाहीतर तू रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत बसशील आणि अर्धवट वाचून आणखी घाबरशील. कॅनडात क्यूबेकमध्ये जानेवारी १९९८ मध्ये बर्फाचं भयंकर वादळ झालं, तारांवर बर्फ साचून खांब कोसळले, लाखो लोक अंधारात, काही घरांत तर महिन्याहून जास्त वीज नव्हती, आणि तेही तिकडच्या थंडीत. त्या वेळी ज्या बायका गरोदर होत्या त्यांच्या मुलांवर सुझान किंग नावाच्या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या टीमने पुढे कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या, प्रत्यक्ष हाल किती झाले आणि मनाला त्रास किती झाला. आणि हो, जास्त हाल झालेल्या आयांच्या मुलांमध्ये भाषा वगैरे गोष्टींत सरासरीने फरक दिसला, लपवत नाही. पण सरासरी म्हणजे गटाचा हिशोब, त्यातून एका बाईच्या एका बाळाचं भविष्य काढता येत नाही. आणि मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की प्रत्यक्ष हालांचा परिणाम मनाच्या त्रासापासून वेगळा दिसला. म्हणजे घरातल्यांनी तुला 'टेन्शन घेऊ नको' सांगून भागणार नाही, तुझे हाल कमी करावे लागतील, उठून काहीतरी करावं लागेल, आणि हे वाक्य मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखव.

बाळाची खात्री करायची तर त्याच्या हालचालीवरून कर. जेवण झालं की डाव्या कुशीवर पड आणि हालचाली मोज, दोन तासांत दहा झाल्या की ठीक. एरवी खेळणारं बाळ एकदम गप्प झालं, किंवा रक्त गेलं, अंगावरून पाणी गेलं, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, ताप आला, पोटात ठराविक वेळाने कळा यायला लागल्या, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. यातलं काही नसेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना त्या रात्रीचं सगळं सांग, सगळं म्हणजे चिखलाचंसुद्धा.

आणि चिखलावरून माझं डोकं खरंच तापलं. सातव्या महिन्याच्या तोंडावर असलेली बाई दोन दिवस पुराचा गाळ उपसते आणि घरातले म्हणतात ती घाबरट आहे? पुराच्या पाण्यात गटार असतं, उंदरांचं मूत असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस नावाचा तापाचा आजार) होतो, पायाला बारीकशी जखम असली तरी पुरते. पुढच्या वेळी गमबूट घालून मिस्टरांनी काढायचा, दिराने काढायचा, नाहीतर पैसे देऊन माणूस लावायचा. तू वरच्या मजल्यावर बसायचं. पुरानंतर कधीकधी लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, त्या गरोदरपणात सहसा देत नाहीत, त्यामुळे कुणी हातात ठेवली म्हणून गिळू नकोस, 'मी गरोदर आहे' हे आधी सांग आणि तुझ्या डॉक्टरांना विचार. पाणी उकळूनच पी, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू दे. नळाचं पाणी स्वच्छ दिसतंय यावर जाऊ नको. हिपॅटायटिस ई नावाची कावीळ असल्या दूषित पाण्यातून पसरते, इतरांना ती बहुतेकदा आपोआप बरी होते पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला ती जिवावर बेतू शकते, जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार अशा आजारी बायकांपैकी २० ते २५ टक्के दगावतात. घाबरवायला सांगत नाहीये. तुझ्याकडे भीती आहेच तर ती व्हॉट्सॲपवर खर्च करण्यापेक्षा पातेलंभर पाणी उकळण्यावर कर एवढंच म्हणतेय.

आता कच्ची-पक्कीचं. सासूबाईंवर रागावू नको, पण त्यांना सीतामाई नीट आठवत नाहीये. आपण पंचवटीची माणसं, सीतागुंफेच्या रांगेत लहानपणापासून वाकून वाकून गेलेलो, पण ती गरोदर होती तेव्हा पंचवटीत नव्हती, ते सगळं नंतरचं, आणि लव-कुश झाले ते वाल्मीकींच्या आश्रमात. वनात सोडलं होतं हे खरं, पण बाळंतपण काही झाडाखाली एकटीने नाही केलं तिने, आश्रम होता, तिथल्या बायका होत्या, डोक्यावर छप्पर होतं, ऋषी स्वतः धावून आले होते. सोडून देणारे वेगळे आणि सांभाळणारे वेगळे. तिचं नाव घेऊन सुनेला गप्प करायचं असेल तर आधी आश्रमाची सोय दाखवा म्हणावं. (असं थेट म्हणू नको, घरात राहायचंय तुला.)

केरळचंही तसंच. १७ ऑगस्ट २०१८, नौदलाचं हेलिकॉप्टर, बाई दोरावर वर खेचली जातेय, तिने त्याच दिवशी मुलाला जन्म दिला, सगळ्या देशाने तो व्हिडिओ बघितला. पण तिला वर घ्यायच्या आधी एका डॉक्टरला खाली सोडलं होतं, पाणमोट फुटली होती म्हणून तिला तपासायला. त्याने बघितलं, मग उचलली, मग थेट हॉस्पिटल. तुझ्या जिन्यात त्या रात्री कोण होतं? सासूबाई, ज्या स्वतः साठीच्या आसपास असतील आणि मला खात्री आहे त्यापण घाबरलेल्या होत्या.

म्हणून त्यांना एक विचार, टोमणा म्हणून नको, खरंच कुतूहल म्हणून विचार, की २००८ ला पाणी आलं तेव्हा तुम्ही काय काय केलं, कुणाच्या घरी गेलात, चहा कुणी केला, पोरांना कुणी धरलं. माझा अंदाज, उत्तरात दहा-बारा नावं येतील. तेव्हा जुन्या वाड्यांत माणसं होती गं, खण खण भाड्याने दिलेले, वरच्या मजल्यावरच्या काकू खालच्यांना हक्काने वर ओढायच्या. आता कितीतरी वाड्यांत दोन-तीन बिऱ्हाडं उरलीत, बाकी कुलपं, मुलं इंदिरानगर नाहीतर गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये. सासूबाई नाही घाबरल्या कारण त्यांच्या भोवती माणसं होती, तू घाबरलीस कारण तुझ्या भोवती कुलपं होती. यात तुझ्या मनाची ताकद कमी असल्याचा काहीच पुरावा मला दिसत नाही. उलट अंधारात टाकी हलवायचं सुचलं, पीठ वाचवलं, पहाटेपर्यंत म्हातारीला सांभाळत बसलीस, याला कच्ची म्हणत असतील तर मग कठीणच आहे. (गॅसची टाकी मात्र पुन्हा उचलायची नाही हं. रेग्युलेटर बंद करायचा आणि पुढचं घरातल्या पुरुषांनी बघायचं.)

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जानेवारी २०११ मध्ये पूर आला, तिथेही गरोदर बायकांचा अभ्यास झाला. काही जणींना सुरुवातीपासून बाळंतपणापर्यंत एकच ठरलेली सुईण होती, ओळखीची, तिचा नंबर हाताशी, आणि काही जणींना नेहमीची पद्धत, प्रत्येक वेळी वेगळं कोणीतरी. तर पुराच्या त्रासाचा बाळंतपणानंतर मनावर जो परिणाम राहतो तो पहिल्या गटात कमी दिसला. पाणी सगळ्यांच्याच गावात शिरलं होतं. अमेरिकेत कतरिना वादळानंतरही गरोदर आणि बाळंतीण बायकांना विचारलं तेव्हा बहुतेक जणी मनाने सावरलेल्या निघाल्या. तूही सावरशील, पण एकटीने सावरायचा हट्ट नको.

तर आता तुझी माणसं जमवू. तुझ्या भागातली आशाताई कोण आहे माहितीये का? नसेल तर अंगणवाडीत विचार, तिचा नंबर घे, तिला घर दाखव आणि तारीख सांग. नाइट शिफ्ट असेल तेव्हा रात्री झोपायला कोण येणार ते आठवड्याच्या सुरुवातीला ठरवा, पावसाळ्यापुरतं शिफ्ट बदलून मिळते का ते मिस्टरांनी सुपरवायझरला विचारायला काय हरकत आहे, तोंड उघडल्याशिवाय कळणार नाही. चढावरच्या भागात राहणारं एखादं ओळखीचं घर आत्ताच पक्कं करा आणि त्यांना तसं सांगून ठेवा. एखाद्या रिक्षावाल्याचा नंबर, पण तो रिक्षा कुठे लावतो ते बघून, गंगेकाठी लावत असेल तर पूर आल्यावर तो स्वतःची रिक्षा वाचवणार की तुला नेणार.

आणि नाशिकमध्ये राहून लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे तुझं हॉस्पिटल गंगेच्या कुठल्या बाजूला आहे? सिव्हिल त्र्यंबक रोडला, म्हणजे पलीकडे. पूर आला की काठावरचे छोटे पूल आधी पाण्याखाली जातात, मोठ्या पुलांवर बघ्यांची गर्दी आणि पोलिसांचे बॅरिकेड, अशा वेळी पलीकडे जायचं तर हायवेचा कन्नमवार पूल धरायचा. पण पंचवटीच्याच बाजूला महापालिकेचं इंदिरा गांधी रुग्णालय आहे, आडगावला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. नाव पलीकडे घातलं असलं तरी अलीकडचं एक हॉस्पिटल आत्ताच जाऊन बघून ये, रात्री बाळंतपण घेतात का, लागलं तर सिझर होतं का, विचारून ये. १०८ ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे, गरोदर बायकांसाठी १०२ आहे, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. नंबर मोबाईलमध्ये टाक आणि भिंतीवर पण लिही, मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते.

मेसेजचं काय करायचं? ग्रुप म्यूट कर आज. विसर्गाचे आकडे बघायचं काम एका माणसाला द्या, दिराला किंवा मिस्टरांना, त्याने गरज असेल तेव्हाच तुला सांगायचं. दिवसाला पन्नास फॉरवर्ड, त्यात निम्मे मागच्या वर्षीचे व्हिडिओ, कुणीतरी दारणाचा विसर्ग टाकतो आणि पंचवटीत धावपळ, अरे ते पाणी पुढे निफाडच्या बाजूला गोदावरीला मिळतं, रामकुंडाशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला बघायचाय गंगापूर धरणाचा आणि होळकर पुलाखालचा आकडा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. जुलैतल्या त्या रात्रीचे मेसेज मागे जाऊन शोधायला सांग, तुमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा आकडा काय होता तो लिहून ठेवा, आणि ठरवा की आकडा त्याच्या निम्म्यावर गेला की तू निघायचं. शहरात जोराचा पाऊस असेल तर त्याहीआधी, कारण वाघाडीसारख्या नाल्यांचं पाणी धरणाच्या आकड्यात नसतं. घरच्यांची सवय मला माहितीये, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजायचा, कमरेला लागलं, छातीला लागलं, बघू, थांबू. बाकीच्यांनी खुशाल थांबावं. पोटुशी बाई दिवसाउजेडी, पाय कोरडे असताना निघते, आणि पाणी नाही आलं तर दुसऱ्या दिवशी परत येते, एवढंच. कुणी हसलं तर हसू दे.

पिशवी भरून दाराशी ठेव. फाइल, सोनोग्राफी, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, सगळं चेनच्या प्लास्टिक पिशवीत आणि प्रत्येकाचा फोटो काढून भावाला पाठवून दे. लोह-कॅल्शियमच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या (एका वेळी दोन्ही घेऊ नको, लोहाचं काम नीट होत नाही), पॅड, जुन्या सुती साडीचे मऊ तुकडे, बॅटरी, चार्जर, थोडी रोकड, पाण्याची बाटली, राजगिऱ्याचे लाडू. न घसरणारी चप्पल. आणि पाणी शिरायला लागलं की मेन स्विच बंद, पण उभं राहायची जागा कोरडी असेल तरच, पाण्यात उभं राहून हात लावायचा नाही.

झोपेचं मात्र मी हलक्यात घेणार नाही. इतका काळ झोप नाही, छाती धडधडते, हे पंधरवड्याच्या वर चाललंय तर ते नुसतं 'बाईचं मन हळवं' नाही, त्यावर मदत घ्यायची. टेली-मानस १४४१६, फुकट, मराठीत बोलतात, रात्री तीनलासुद्धा फोन लागतो. तुझ्या डॉक्टरांनाही सांग, गरज पडली तर गरोदरपणात चालतील अशी औषधं असतात, पण मेडिकलवरून झोपेची गोळी आणून घेऊ नकोस, सासऱ्यांची तर अजिबात नको. आणि कधी असं वाटलं की जगणंच नको, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, तर त्या क्षणी शेजारच्या माणसाला हाक मार, मग फोन.

माहेर. जा. गणपतीची वाट कशाला बघायची, पाणी काही गणपती बघून येत नाही, २००८ चा पूर सप्टेंबरमध्येच आला होता. तसंही पहिलं बाळंतपण माहेरी आणि सातव्यात पाठवायचं ही आपली रीतच आहे, आठव्यात प्रवास नको म्हणून मग हेच लोक अडवतील, त्यामुळे आता रीतच वापर, ती इथे तुझ्या बाजूने आहे. फक्त जायच्या आधी तीन गोष्टी बघ, आईच्या गावापासून सिझर होणारं हॉस्पिटल गाडीने किती वेळाच्या अंतरावर आहे, रात्री गाडी कोण काढणार, आणि तिथल्या आशाकडे तुझं नाव घातलं का. इथल्या डॉक्टरांकडून सगळे रिपोर्ट आणि चिठ्ठी घेऊन जा. तिकडची सोय लांबची निघाली तर आईलाच इकडे बोलव, आणि दोघी मिळून चढावरच्या त्या घरात महिनाभर राहा, आई काय तुला वाड्यातच हवी असं थोडीच आहे.

सासूबाईंना एकटीला सोडून कशी जाऊ, हे तू लिहिलं नाहीस पण तुझ्या डोक्यात असणार. त्यांनाही न्या. त्या नाही म्हणतील, मग मिस्टरांनी रात्रपाळीच्या दिवशी त्यांची झोपायची सोय कुठे ते ठरवावं, त्यांची आई आहे.